भट्टीची गोड माती

दुपारची नमाज आटोपून लालबी चटईवर आडवी झाली, की परसात खरवडल्याचा आवाज सुरू व्हायचा. खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र. उंदीर असा थांबून थांबून काम करत नाही, आणि कोंबड्या तर त्या घरातून कधीच्याच संपल्या होत्या. तेव्हा हा आवाज कुणाचा, याबद्दल लालबीच्या मनात पहिल्या दिवसापासून काडीचाही संशय नव्हता. तिची बानू परत आली होती.

बानूला जाऊन तीसेक वर्षं उलटली होती. गेली तेव्हा आठ वर्षांची होती, आणि त्या आठ वर्षांत तिला स्वतःच्या दोन हातांची बोटं नीट मोजता आली नव्हती. पोर दिसायला देखणी, डोळे टपोरे, स्वभाव इतका गरीब की खेळात कुणी ढकललं तरी हसत उठायची. पण डोक्यात काही टिकायचं नाही. तिला नाद एकच. परसातल्या भट्टीपाशी उकिडवं बसायचं, मोडक्या दांड्याच्या पळीनं माती खरवडायची आणि बोटं चाटायची. शेजारणी बघून तोंडाला पदर लावायच्या. त्या लाजेपायी लालबीनं पोरीला किती मारलं, त्याला गणती नाही. शेवटच्या दिवशीही मारलं होतं. दुपारी पाठीत धपाटा घातला, संध्याकाळी पोरीला फेफरं आलं, आणि रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं. तो धपाटा लालबीच्या हातातून अजून गेला नव्हता.

म्हणून आता आवाज आला तरी ती परसदार उघडायची नाही. गेलेलं माणूस घरी आलं तर त्याच्या समोर जाऊ नये, ते बिचकतं आणि पुन्हा येत नाही, असं तिची सासू सांगून गेली होती. लालबी चटईवरून उठायची, दाराच्या फळीला गाल लावून उभी राहायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "खा बाई, खा. पोटभर खा. कोण मारत न्हाय आता."

आवाज क्षणभर थांबायचा. मग पहिल्यापेक्षा जरा मोकळेपणानं पुन्हा सुरू व्हायचा. लालबीचा जीव निवायचा आणि ती परत चटईवर येऊन पडायची.

हे घर झारेकऱ्यांचं. पेठ वडगावच्या कडेला, ओढ्याकडे उतरणाऱ्या गल्लीतलं शेवटचं. झारेकरी म्हणजे कोण, हे आता वडगावातल्याच पोरांना समजावून सांगावं लागतं. कोल्हापुरात गुजरीतल्या आणि तिकडे हुपरीतल्या चांदीच्या दुकानांतला केर ही माणसं विकत घ्यायची. केराला पैसे मोजणारे म्हणून लोक त्यांना खुळ्यात काढायचे. पण तो केर तुमच्याआमच्या घरातला नव्हे. त्यात कानशीचा कीस असतो, मुशीची राख असते, फरशीच्या फटीतली धूळ असते, आणि चांदी ही अशी चिकट बया आहे, की जाईल तिथं थोडी मागे राहतेच. तो केर पाण्यात धुवायचा, हलकं वाहून जाऊ द्यायचं, तळाशी राहिलेला जड काळा गाळ भट्टीत घालायचा आणि त्यात शिसं टाकायचं. शिसं चांदीला गोळा करून घेतं. मग भाता मारत राहिलं, की थोडं शिसं धुरातून जातं, बाकीचं भट्टीच्या बुडातल्या राखमातीत मुरतं, आणि मधोमध चांदीचा मणी तेवढा उरतो.

लालबीचा सासरा हसनसाब या कामात भलता वस्ताद. तो दुकानात शिरला की चांदीवाले चपला बाहेर काढायला सांगायचे. पाहुण्याच्या अदबीसाठी नव्हे, तर त्याच्या चपलेला चिकटून त्यांची चांदी जाऊ नये म्हणून. शिसं पिऊन भट्टीचं बूड जड झालं, की हसनसाब ते फोडायचा, परसात पसरून द्यायचा आणि नवं लिंपायचा. त्याच्या बापानंही तेच केलं होतं आणि पुढे लालबीच्या नवऱ्यानंही तेच केलं. नवरा गेल्यावर भट्टी थंड पडली. मुलगा इकबाल, त्यानं या धंद्याच्या नावानं कानावर हात ठेवले आणि तो इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात लागला. परसात उरली ढासळलेली भट्टी आणि तिच्याभोवतीची काळी, जड माती.

आणि उरलं होतं सावट. झारेकऱ्यांच्या घरात पोरं टिकत नाहीत, हे गल्लीला ठाऊक होतं. सासूची चार गेली होती. लालबीची पहिली दोन पोटातच गेली, तिसरी बानू. परसात काहीतरी आहे, त्याची गरोदर बाईवर नजर पडते, असं म्हणून ताईत बांधून झाले, दर्ग्यावर चादर चढवून झाली. एक इकबाल तेवढा धडधाकट निघाला. बानू गेली तेव्हा तो नुकताच पोटात राहिला होता. लालबी दुःखानं वेडीपिशी झालेली बघून तिच्या भावानं तिला माहेरी कागलला नेलं, आणि इकबाल रांगायला लागेपर्यंत ती तिथंच राहिली. पंचगंगेच्या पलीकडे सावटाची नजर पोचली नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दुसरं काही ठरवायला कुणाला काही माहीतच नव्हतं.

सावटावर घरचा उताराही होता. सुनेला दिवस गेले की तिला भट्टीच्या बुडाची माती द्यायची. गरोदरपणी मातीचे डोहाळे लागतातच. कुणी चुलीची खाते, कुणी कुंभाराकडून भाजक्या मातीचे तुकडे आणवते. झारेकऱ्यांच्या सुनांना भट्टीची. चांदी जिथं निवली ती माती, त्यातून पोर चांदीसारखं निपजेल. शिवाय ती गोड लागायची. ही थाप नव्हे. खडा जिभेवर विरघळला की मागाहून एक हलकी गोडी यायची, आणि ती जिभेवर बराच वेळ राहायची. लालबीला सासूनं रोज सकाळी एक खडा दिला होता आणि लालबीनं तो आवडीनं खाल्ला होता. कागलला तेवढा तो मिळाला नव्हता, याची तिला तेव्हा फार चुटपुट लागली होती.

आता तिची सून शाहिस्ता पोटुशी होती. शाहिस्ता कुरुंदवाडची. बोलायला मोजकी, कामाला चटपटीत. गेल्या वर्षी तिचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं, तेव्हा ती रडली नाही. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली आणि तिसऱ्या दिवशी उठून भाकऱ्या थापायला बसली.  गेल्या खेपेला खडा द्यायला आपण उशीर केला, हे लालबीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. या खेपेला तिनं कसर ठेवायची नाही असं ठरवलं. पहिल्याच महिन्यात भट्टीचं जुनं बूड फोडून तिनं डबाभर खडे काढून ठेवले. हे पोर जगलं पाहिजे, याच्यापलीकडे लालबीला आता या दुनियेत काही मागायचं नव्हतं.

पहिल्यांदा खडा तोंडात धरून शाहिस्तानं तोंड वाकडं केलं.

"गिळ गं," लालबी म्हणाली. "मागनं गोड लागतंय बघ."

महिनाभरात तोंड वाकडं व्हायचं थांबलं. आणखी थोड्या दिवसांनी शाहिस्तानं स्वतःच हात पुढे केला. "अम्मा, अजून एक हाय काय?"

"एकच. दवा हाय ती, चिवडा न्हाय."

शाहिस्ता हसली आणि हात पदराला पुसत आत गेली. परसातला आवाज त्याच सुमारास सुरू झाला होता. घरात पोराची चाहूल लागली म्हणून बानूला राहवलं नसेल, असा लालबीनं त्याचा अर्थ लावला. दुपारी शाहिस्ता पुढच्या खोलीत पंख्याखाली झोपलेली असायची. तिला यातलं काही सांगायचं नाही, उगाच घाबरेल, असं लालबीनं ठरवून टाकलं.

जानेवारीत एके दिवशी सकाळी स्कूटरवरून एक मुलगी आली. डोक्याला टोपी, पाठीला पिशवी, हातात लोखंडी नळी. नाव पूर्णिमा, कोल्हापूरला विद्यापीठात मातीचा अभ्यास करते म्हणाली. जुन्या चांदीच्या भट्ट्यांच्या आसपासची माती तिला तपासायची होती.

लालबी दारातच उभी राहिली. मागे एक व्यापारी अख्ख्या परसाची माती ट्रॉलीनं उचलून न्यायला आला होता, आणि त्याचंही बोलणं असंच गोड होतं. "चांदी राहिली न्हाय त्यात, पावणं," ती म्हणाली. "आमच्या सासऱ्यानं मागं काय ठेवलं आसंल, असं वाटतंय काय तुमाला?"

"चांदी नको मला, आजी. दुसरं काय काय राहिलंय ते बघायचंय. चार मुठी माती नेते फक्त, आणि विहिरीचं बाटलीभर पाणी."

मुलगी उन्हातून आलेली, चेहरा लालबुंद झालेला. लालबीनं तिला आत घेतलं, चहा दिला आणि परसात नेलं. पूर्णिमानं नळी रोवून वरची माती घेतली, वीतभर खालची घेतली, कंबरभर खोलीवरची घेतली. भट्टीपाशी आल्यावर ती थबकली. "इथं कुणी खणलंय का? ताजं दिसतंय."

लालबीनं पाहिलं. भट्टीच्या पोटात ओंजळभर आकाराचा खड्डा पडला होता, कडा नुकत्याच खरवडलेल्या.  आवाज ऐकणं वेगळं आणि पोरीच्या हातची खूण डोळ्यांनी बघणं वेगळं. "पोरगी खेळती तिथं," ती म्हणाली. "माझी."

पूर्णिमाला वाटलं, नात असेल. तिनं पिशव्यांची तोंडं बांधली आणि पुन्हा येते म्हणून ती गेली.

काही आठवड्यांनी ती परत आली तेव्हा दुपार होती. लालबीची नमाज नुकतीच झाली होती, शाहिस्ता पुढच्या खोलीत गेली होती आणि तिनं दार लोटून घेतलं होतं. पूर्णिमा सोप्यात पाटावर बसली. पाण्याचा तांब्या तिनं घेतला, पण पाणी प्यायली नाही.

"आजी, तुमच्या परसात शिसं आहे. खूप आहे. मी एवढं कुठंच बघितलेलं नाही."

"आसणारच की. तीन पिढ्या तेच ओतलंय."

"विहिरीचं पाणी चांगलं आहे. ते काळजीचं कारण नाही. शिसं खाली गेलेलंच नाही, सगळं वरच्या वीतभरात बसलंय."

लालबीला नवल वाटलं. "एवढं पावसाळं झालं. दोन हजार एकोणीसच्या पुरात तर वढ्याचं पाणी भट्टीच्या वर चढलंतं. धुऊन गेलं न्हाय?"

"नाही जात. मीठ असतं तर कधीच गेलं असतं. शिसं मातीच्या कणाला चिकटून बसतं. त्यात तुमची माती काळी, चिकण, वर राख मिसळलेली. ही माती धरलेलं सोडत नाही."

"कवापर्यंत?"

"आपण सगळे गेल्यावरही ते तिथंच असेल, आजी."

लालबी हातातल्या तसबीहचे, जपमाळेचे मणी सारत राहिली. या घरावरच्या सावटाला आजवर कुणी नाव दिलं नव्हतं. ताईत देणाऱ्यांनी दिलं नाही, सासूनं दिलं नाही. आणि ही कालची पोरगी सरळ नाव घेऊन सांगत होती, की ते परसात आहे, वीतभर खोल आहे आणि जाणार नाही.

"मातीनं धरलंय तर धरू दे की," ती शेवटी म्हणाली. "आमाला त्याचा काय तरास?"

"धरलंय तोवर नाही. पण तुमची नात तिथं खेळते म्हणालात ना, तिला अजिबात जाऊ देऊ नका. लहान पोरं बोटं तोंडात घालतात. पोटात आंबट असतं, तिथं गेली की माती शिसं सोडून देते. मग अंग ते धरून ठेवतं. हाडांत जाऊन बसतं. पोरांच्या डोक्यावर तर फारच परिणाम होतो. शिकवलेलं राहत नाही. जास्त झालं की झटके येतात."

लालबीच्या हातातली तसबीह थांबली. टपोऱ्या डोळ्यांची, हसत उठणारी पोरगी तिच्यासमोर आली आणि पाठीत घातलेला तो धपाटा आला. तिनं जिभेनं ओठ ओले केले.

"पोटुशी बाई आसंल तर?"

"तिनं तर त्या मातीला हातही लावू नये. बाळाची हाडं आईच्या हाडांतूनच बनतात. आईच्या हाडांत जे बसलेलं असतं ते तेव्हा सुटतं आणि बाळाकडं जातं. आधी कधीतरी खाल्लेलंसुद्धा."

म्हणजे बानूला आधी आपण चारलं. तिनं पळी हातात धरली ती फार नंतर. लालबीला हे आता कळलं. त्या खड्यांच्या डब्याकडे तिची नजर गेली. तो फळीवर होता, झाकण घट्ट लावलेला. रोज सकाळी एक. कसर ठेवायची नाही म्हणून तिनं एक दिवस चुकवला नव्हता.

तेवढ्यात परसात आवाज सुरू झाला. खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र.

पूर्णिमानं मान वळवली. "मागं कोण आहे?"

लालबी तिच्याकडे बघतच राहिली. "तुला बी ऐकू येतंय?"

"हो की. कुणीतरी खरवडतंय."

लालबी उठली. पाटाला पाय लागून तांब्या लवंडला, तिकडे तिनं पाहिलं नाही. तीन महिन्यांत आवाज सुरू असताना तिनं जे दार एकदाही उघडलं नव्हतं, त्याची कडी तिनं काढली आणि फळी ढकलली. परसात पांढरं ऊन पडलं होतं. भट्टीपाशी उकिडवी बसून कुणीतरी वाकलेलं होतं, हातात मोडक्या दांड्याची पळी होती. ते अंग आठ वर्षांच्या पोरीचं नव्हतं. पुढच्या खोलीचं दार बाहेर बोळात उघडत होतं, आणि बोळ परसात येत होता. हे लालबीला लग्न होऊन या घरात आल्यापासून ठाऊक होतं. तरीही तिला ते एकदाही आठवलं नव्हतं.

शाहिस्तानं वर पाहिलं. ओठ काळे झालेले, हनुवटीला माती. पकडली गेल्यावर पोरं हसतात तसं ती ओशाळून हसली.

"एकानं भागत न्हाय, अम्मा," ती म्हणाली. "लई गोड लागतंय."

लालबी तिच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली. तिनं सुनेचा जबडा धरला, तोंडात बोट घातलं आणि जिभेवरची, दाढेमागची माती खरवडून काढायला लागली. डावा तळहात तिनं हनुवटीखाली धरला होता. "थू कर. थू कर म्हणती न्हवं. सगळं थू कर."

शाहिस्ता थुंकली. काळी, ओली माती लालबीच्या हातावर पडली. शाहिस्ताला ओकारी आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तिला राग आला. सासूचा हात तिनं बाजूला सारला.

"तुमीच तर म्हणत हुता की. रोज दाराआडनं. खा बाई, पोटभर खा, कोण मारत न्हाय. मला वाटलं, तुमाला ठावं हाय आणि तुमी चोरून लाड करतायसा."

"ते तुला न्हवतं, बाई."

"मग कुणाला?"

लालबीनं तळहातावरची माती मुठीत आवळली. मागे दारात पूर्णिमा उभी होती, टोपी हातात घेऊन.

संध्याकाळी इकबाल पाळीवरून आला तेव्हा लालबीनं त्याला सगळं सांगितलं. खड्याचं सांगितलं, दाराआडून बोलल्याचंही सांगितलं. सांगताना तिनं स्वतःची बाजू धरली नाही. इकबाल जेवता जेवता उठला. दुसऱ्या दिवशी तो शाहिस्ताला कोल्हापूरला घेऊन गेला. तिचं रक्त तपासणीला मुंबईला गेलं आणि आकडा आला तो डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा वाचून बघितला. मग म्हणाल्या, ती माती आजपासून बंद. दूध, नाचणी, लोहाच्या गोळ्या. रक्तातलं हळूहळू उतरेल. हाडांतलं मात्र कुणाला खरवडून काढता येत नाही. बाळाचं काय ते आत्ता सांगता यायचं नाही.

शाहिस्ताला कुरुंदवाडला पाठवलं. निघताना तिनं लालबीचा हात धरला, पण तिच्याकडे बघितलं नाही. इकबाल गाडीत पिशव्या ठेवत म्हणाला, "परस बुजल्याशिवाय ती ह्या घरात याची न्हाय. पोर तर न्हायच." लालबीनं मान हलवली. त्याचं म्हणणं खरं होतं.

माती उचलून न्यायला पूर्णिमानं नको सांगितलं होतं. उकरलं तर धूळ उडेल आणि जिथं टाकाल तिथं दुसऱ्या कुणाच्या तरी दाराशी ते जाईल. त्यापेक्षा वरून मुरूम टाका आणि काँक्रीट ओता. माती धरून बसलीय, तिला तसंच धरून बसू द्या.

इकबालही कुरुंदवाडहूनच कामावर जायला लागला, आणि आता लालबी घरात एकटी होती. दुपारची नमाज व्हायची, ती चटईवर आडवी व्हायची आणि कान परसाकडे लावायची. काही ऐकू यायचं नाही. येणार कुठून? बानू आली नव्हती. एकही दिवस आली नव्हती. लालबी दाराला गाल लावून मेलेल्या लेकीचे लाड करत राहिली होती, आणि त्याच शब्दांनी तिनं जिवंत सुनेच्या पोटात विष जाऊ दिलं होतं. ही लेक तिला दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळेला रडायला कुणाजवळ जायचं हेही तिला कळेना. स्वतःची हाडं ती चाचपून बघायची, मनगटाची, गुडघ्याची. ते यांच्यात आहे. आपल्याबरोबर ते कबरस्तानात जाईल, जसं बानूच्या इवल्या हाडांबरोबर गेलं, आणि तिथली मातीही ते धरून ठेवील.

जूनच्या तोंडावर इकबालचा फोन आला. "पोरगी झाली, अम्मा."

"रडली काय?"

"व्हय. चांगली रडली. वजन जरा कमी हाय." मग त्याचा आवाज मऊ झाला. "डोळं मोठं हाईत. डॉक्टर म्हणत्यात, साळंत जाईपर्यंत वाट बघायची. मग कळंल. उद्या काँक्रीटवाली माणसं येत्यात, दार उघडं ठेव."

लालबीनं बरं म्हणून फोन ठेवला. पोरगी, आणि डोळे मोठे. ती उठली, तिनं हातपाय धुऊन वजू केला आणि नमाज पढली. उद्यापासून परस दिसणार नव्हतं. ती चटईवर आडवी झाली.

खर्र.

लालबी पडून राहिली. घरात कुणी नव्हतं. शाहिस्ता नदीपल्याड होती. पळी तिनं स्वतःच्या हातानं विहिरीमागच्या खड्ड्यात पुरली होती. थोडं थांबून पुन्हा खर्र.

ती उठली आणि दाराशी गेली, पण गाल फळीला लावला नाही. कडी काढून तिनं दार सताड उघडलं. सासू म्हणायची, समोर जाऊ नये, ते बिचकतं. लालबी उन्हात उतरली आणि भट्टीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. तिथं कुणी नव्हतं. खड्डा होता आणि माती होती.

तिनं डावा तळहात पुढे केला, साधारण आठ वर्षांच्या पोरीची हनुवटी येते तेवढ्या उंचीवर.

"थू कर, बानू," ती म्हणाली. "मारत न्हाय मी. थू कर, माझी बाई."

हातावर काही पडलं नाही. तरीही ऊन कलेपर्यंत ती तो हात तसाच धरून बसून राहिली.